जन्म-मृत्यूच्या खिडकीतल्या तांडेलबाई

तांडेलबाईंना किळस फार यायची. ऑफिसात आल्या की पर्समधून धुतलेलं फडकं काढून आधी खुर्ची पुसायच्या, मग टेबल, मग खिडकीचा लाकडी कठडा, जिथे दिवसभर लोकांचे कोपर टेकलेले असायचे. ऑफिसचा कप त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. जिन्याच्या कोपऱ्यात पानाची ताजी पिचकारी दिसली की त्या थांबायच्या, कोणाची असेल याचा अंदाज घ्यायच्या, आणि त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन अगदी हळू आवाजात विचारायच्या, "उद्या तुमच्या डब्यात मी थुंकले तर चालेल ना?" शिपायाला विचारत तसंच हेडक्लार्कलाही विचारत.

आमचं वॉर्ड ऑफिस लालबाग-परळच्या पट्ट्यातलं. मी गिरगावातून तिथे नोकरीला लागले तेव्हा गिरण्यांच्या संपाला काही वर्षं होऊन गेली होती. संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं, कारण तो मिटलाच नव्हता. नुसता लोकांच्या अंगावर वाळून गेला होता. तळमजल्यावर जन्म-मृत्यूची खिडकी होती. खिडकी एकच, मध्ये लाकडाची फळी. फळीच्या अलीकडे जन्म, तिथे मी. पलीकडे मृत्यू, तिथे कमल तांडेल.

बाई कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या. घरची होडी होती, सासू अजून टोपली घेऊन बाजारात बसायची. बाई मॅट्रिक झाल्या आणि परीक्षा देऊन या नोकरीत शिरल्या. आमच्याकडच्या एका क्लार्कला त्यांच्या येण्याबरोबर मासळीचा वास यायचा. वास कसला, कडक इस्त्रीच्या साडीतून साबणाचाच वास यायचा. पण हा रोज त्या आल्या की टेबलावर अगरबत्ती लावायचा. बाईंनी थोडे दिवस पाहिलं. मग एक दिवस त्याच्या टेबलाशी वाकून त्यांनी तो धूर नाकात ओढून घेतला आणि म्हणाल्या, "वास छान आहे. पण इथे कशाला वाया घालवता? पुरुषांच्या मुतारीत लावा. तिथे गरज आहे." दुसऱ्या दिवसापासून अगरबत्ती बंद झाली.

त्या गोड बोलत नसत. खिडकीशी कोणी रडायला लागलं तर म्हणायच्या, "रडून घ्या. मला घाई नाही. मागच्यांना असेल तर त्यांनी दुसऱ्या ऑफिसात मरावं." त्या वर्षांत आमच्या भागात माणसं कशाने मरायची ते फळीच्या अलीकडे मलाही ऐकू यायचं. टीबी, दारू, कधी पंख्याला लावून घेतलेली दोरी. गिरणीतून घरी बसलेले पुरुष, पन्नाशीही न गाठलेले. बाई लिहायच्या, सही घ्यायच्या, आणि खबर द्यायला आलेली बायको किंवा भाऊ निघून गेला की उठून नळावर जाऊन हात धुवायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, इतके कशाला धुता?" तर म्हणाल्या, "अगं, मेलेल्याची नाही, जिवंतांची किळस येते. काल ज्यांनी याला कामावर घेतलं नाही ते आज कुठेतरी नीट जेवत असतील."

दाखल्याचे दलाल आमच्या पायऱ्यांवर बसायचे. लवकर दाखला हवा तर त्यांना चिरीमिरी द्यायची, त्यातली काही आत यायची. बाईंनी तक्रार केली नाही, भांडणही नाही. रोज सकाळी सफाईवाल्याकडून फिनेलची बादली घ्यायच्या आणि स्वतः त्या पायऱ्यांवर ओतायच्या. पायऱ्या अकरापर्यंत ओल्या राहायच्या. दलाल उभे राहून राहून कंटाळले आणि समोरच्या इराण्याकडे सरकले. आतल्या ज्यांचं त्यात नुकसान झालं, त्यांनी बाईंना कधी माफ केलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, कम्प्युटर येणार म्हटल्यावर आमच्या ऑफिसात सगळ्यात खूश कोण झालं असेल तर तांडेलबाई. बाकीचे घाबरले होते. नोकऱ्या जाणार म्हणून युनियनने घोषणा दिल्या. बाई म्हणाल्या, "येऊ दे रे तो. त्या वह्यांना हात लावून माझ्या हाताची चव गेली." आमच्या जुन्या नोंदवह्या मागच्या खोलीत होत्या. ओल, बुरशी, उंदरांच्या लेंड्या, झुरळांनी खाल्लेली बांधणी. जुनी नोंद शोधायची म्हणजे बाई तोंडाला रुमाल बांधून आत शिरायच्या आणि बाहेर येऊन पाच मिनिटं खोकायच्या. "आता बटण दाबलं की नाव," त्या मला सांगायच्या. "लोकांना हेलपाटा नाही, दलाल नाही, घाण नाही." चष्म्याचा नंबरसुद्धा त्यांनी त्यासाठी बदलून आणला.

कम्प्युटर आला तो आधी त्याच्यासाठी काचेची खोली बांधून. आत एसी. बाहेर चप्पल काढायची. खिडकीशी उन्हात उभ्या असलेल्या लोकांना प्यायचं पाणी नव्हतं आणि मशीनला एसी होता. थोड्याच दिवसांत त्या खोलीत साहेब लोकांच्या पाण्याच्या बाटल्या आल्या, मग दुपारी आडवं व्हायला एक सोफा आला. काचेच्या दाराबाहेर कोणीतरी गुटखा थुंकायला लागलं. बाई ते पाहून म्हणाल्या, "मशीन नवीन आलं, तोंडं जुनीच आहेत."

जुन्या वह्या टेम्पोत भरून कंत्राटदाराने नेल्या. कुठे तरी शेडमध्ये त्याची पोरं त्या टाइप करत होती, पोरांना पानावर पैसे. पोरं परमुलखातली, आपली अक्षरं त्यांना धड लागत नव्हती. आधी सगळं इंग्रजीत घालायचं, मग मशीन त्याचं मराठी करणार. तपासायला छापील गठ्ठे आमच्याकडे यायचे. आमचे अधिकारी सप्रे साहेब. गोरेपान, अत्तर लावणारे, कधीही आवाज न चढवणारे. एक सवय होती, बोलताना किल्लीने कान कोरायचे आणि किल्ली बघायचे. त्यांनी सांगितलं की महिनाअखेर सगळे गठ्ठे तपासून सही करून हवेत.

बाई खरंच तपासायला बसल्या. काळेचा काले झालेला, गाळवणकरचा गालवनकर. त्या गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, हा गालवनकर कोण? हा आमच्याकडे कधी मेला?"

सप्रे हसले. "बाई, अर्थ कळतो ना? सॉफ्टवेअरला ळ थोडा जड जातो."

"मग सॉफ्टवेअरला शिकवा."

"ते वरून येतं. आपल्या हातात नाही." त्यांनी किल्ली रुमालाला पुसली. "सगळ्या वॉर्डांच्या सह्या झाल्या. एकट्या तुमच्यामुळे आपण मागे आहोत. सिस्टीमने तपासलेलंच आहे हो, तुम्ही फक्त सही करायची."

आम्ही सगळ्यांनी केली. शेवटी बाईंनीही केली. त्या दिवशी त्यांचा नवरा इस्पितळात होता, त्यांना लवकर जायचं होतं. हे कारण त्यांनी पुढे कधी, कोणालाही सांगितलं नाही. मला ठाऊक आहे कारण इस्पितळाचा फोन माझ्या टेबलावर आला होता.

त्यानंतर बराच काळ गेला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि गिरणी कामगारांना घरं मिळणार असं ठरलं. मेलेल्या कामगारांच्या वारसांनी मृत्यूचा दाखला आणायचा होता. आमच्या खिडकीशी रांग लागली. त्या रांगेत एक दिवस सुनंदा घाडी आली, सासूला हाताशी धरून. सासूचं नाव पार्वती. नवरा पांडुरंग गिरणीच्या लूमखात्यात मागावर होता, संपानंतर घरी बसला आणि गेला. पार्वतीबाईंनी खाणावळ चालवून मुलं मोठी केली. आता डोळ्यांना कमी दिसायचं. दाखला पांडुरंगचा हवा होता. बटण दाबलं, प्रिंटरमधून कागद आला. सुनंदाने वाचला आणि परत खिडकीतून आत सारला.

"बाई, हा सासऱ्यांचा नाही. हा आमच्या सासूबाईंचा आलाय."

तांडेलबाईंनी पाहिलं. मयताचं नाव पार्वती पांडुरंग घाडी. खबर देणाऱ्याचं नाव पांडुरंग घाडी.

पार्वतीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी सुनेला विचारलं, "काय गो, काय झाला?"

"काही नाही आई. चुकीचा छापलाय."

"चुकीचा म्हणजे? माझा नाव हा काय त्येच्यात?" त्यांनी कागदाकडे हात नेला. "म्हणजे मी मेलंय?"

बाईंनी सुनंदाला थांबायला सांगितलं आणि त्याच वहीतली पुढची-मागची नावं मशीनवर काढली. मी फळीवरून बघत होते. टाइप करणाऱ्या पोरांनी एका अख्ख्या वहीत दोन रकाने उलटे घातले होते. मेलेल्याच्या जागी खबर देणाऱ्याचं नाव, आणि खबर देणाऱ्याच्या जागी मेलेल्याचं. संपानंतरच्या त्या काळात मेलेले होते बहुतेक पुरुष, आणि खबर द्यायला आलेल्या होत्या त्यांच्या बायका. मशीनमध्ये ते सगळे पुरुष जिवंत होते आणि त्यांच्या विधवा मेलेल्या.

पुढच्या काही महिन्यांत त्या बायका एकेक करून यायला लागल्या. ही माहिती तोवर दुसऱ्या खात्यांना जोडली गेली होती. कोणाचं पेन्शन थांबलेलं, कोणाचं रेशनकार्डावरून नाव गेलेलं. काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्या यायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून सांगायच्या की आम्ही जिवंत आहोत. तरुण क्लार्क हसू दाबायचे. एकाने तर मोबाइलवर फोटो काढला. बाईंनी तो मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि जवळच्या चहाच्या ग्लासात सोडला.

मग त्या केबिनमध्ये गेल्या. मला साक्षीला बरोबर घेतलं.

"मृत्यूला एडिट नाही बाई," सप्रे म्हणाले. "एकदा नोंद झाली की लॉक. नाहीतर उद्या कोणीही कोणालाही जिवंत करेल."

"कंत्राटदाराला बोलवा."

"त्यांचं कंत्राट संपलं. नवीन कंपनीला जुन्या डेटात हात घालता येत नाही."

"मग या बायकांनी काय करायचं?"

सप्रे साहेबांनी किल्ली कानातून काढली, पाहिली, आणि खरंच मदत करायच्या आवाजात म्हणाले, "एक रस्ता आहे. उशिराची जन्मनोंद. त्यांची नव्याने जन्मनोंद करू. या आपल्या कर्णिकबाईंच्याच खिडकीत होईल. नवीन नोंद झाली की सिस्टीमच्या दृष्टीने त्या आहेत."

तांडेलबाई उठल्या, केबिनच्या बेसिनपाशी गेल्या आणि ओकल्या. अगदी खरोखर. मग तोंड धुतलं, पदराने पुसलं, बेसिनमध्ये नीट पाणी सोडलं.

"माफ करा साहेब," त्या म्हणाल्या. "सकाळचा चहा होता."

त्या संध्याकाळी त्यांनी तपासणीचे जुने गठ्ठे मागवले. त्या वहीचा गठ्ठा सापडला. खाली कोणाची सही आहे ते बघून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. "कर्णिक, बघ. मी इतकी वर्षं दुसऱ्यांची थुंकी शोधत फिरले." मी म्हटलं, "बाई, सही सगळ्यांनीच केली होती न वाचता." त्या म्हणाल्या, "सगळ्यांची मला माहीत नाही. ही माझी आहे."

नंतरचं वर्ष त्यांनी पायपिटीत घालवलं. मुख्य कचेरीत अर्ज, विधी खात्यात अर्ज. बायकांना घेऊन त्या स्वतः जायच्या, रजा टाकून. प्रत्येक ठिकाणी एक काच, काचेमागे एक माणूस, आणि तो म्हणायचा सिस्टीम घेत नाही. एका साहेबाने पार्वतीबाईंना हयातीचा पुरावा मागितला. पार्वतीबाई म्हणाल्या, "उबी रवलंय नाय तुज्यासमोर?" त्याने मान हलवून सांगितलं की तसं चालत नाही.

मग ऐन उन्हाळ्यात पार्वतीबाई गेल्या.

सकाळी ऑफिसच्या फोनवर सुनंदा होती. स्मशानभूमीतून बोलत होती. तिथल्या क्लार्कने नाव मशीनमध्ये घातलं आणि मशीनने सांगितलं की ही व्यक्ती आधीच मयत आहे, दुसऱ्यांदा नोंद होणार नाही. नोंद नाही तर भट्टीचा नंबर नाही. तांडेलबाईंनी फोन ठेवला, ड्रॉवरमधून खात्याचा शिक्का काढून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, "चल."

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी पत्र्याच्या शेडखाली होती. बर्फाचं पाणी लादीवरून गटाराकडे चाललं होतं. माश्या बसत होत्या, आणि सुनंदा पदराने त्या हाकलत होती. आजूबाजूला चाळीतली माणसं उभी होती. या असल्या वेळी माणसं बोलून घेतात, चिडतात. पण ती नुसती लाजल्यासारखी उभी होती, जणू त्यांच्याच घरच्या माणसाने काही लबाडी केली होती आणि ती आता पकडली गेली होती.

तिथला क्लार्क वाईट नव्हता. "मॅडम, मी काय करू? एंट्री घेतल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडत नाही."

बाईंनी सप्रे साहेबांना फोन लावला. पलीकडून ते शांतपणे सांगत होते ते मलाही ऐकू येत होतं. डुप्लिकेट केस आहे, वरून परवानगी लागेल, मेल टाकतो, उद्यापर्यंत उत्तर येईल.

"उद्यापर्यंत प्रेत कुठे ठेवू साहेब? तुमच्या एसीच्या खोलीत आणू?"

पलीकडे फोन बंद झाला. बाईंनी क्लार्ककडून कोरा कागद घेतला. उभ्यानेच लिहिलं की पार्वती पांडुरंग घाडी आज वारल्या, यापूर्वीची मृत्यूची नोंद खोटी आहे, आणि ती खोटी नोंद माझ्या सहीने झालेली आहे. खाली सही केली, हुद्दा लिहिला, शिक्का मारला. क्लार्कने कागद दोनदा वाचला. "मॅडम, यात तुमची नोकरी जाईल." बाई म्हणाल्या, "भट्टी लाव."

भट्टी लागली. लोखंडी दार बंद झाल्यावर सुनंदा पहिल्यांदा रडली. तांडेलबाई नळावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले.

चौकशी बसली. परवानगीशिवाय शिक्का बाहेर नेला, सिस्टीम डावलली, आणि मूळ तपासणीत हलगर्जी केली. शेवटचा आरोप कंत्राटदारावर यायला हवा होता, सप्रे साहेबांवर यायला हवा होता. पण बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांची सोय झाली. त्यांना विचारलं, काही सांगायचं आहे का? त्या म्हणाल्या, "सही माझीच आहे. पण वाचू नका असं कोणी सांगितलं तेही लिहा." ते लिहिलं गेलं नाही. त्यांची बढती गेली आणि बदली कॉटन ग्रीनला झाली, जुन्या नोंदवह्यांच्या गोदामात. त्याच सुमारास आमचं ऑफिस कागदमुक्त झालं म्हणून समारंभ झाला. सप्रे साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण बाकीच्यांनी वाजवल्या त्या ऐकत बसले, आणि तेवढ्यानेही अंगावर काही चिकटल्यासारखं वाटलं.

बाईंच्या त्या कागदाचा मात्र उपयोग झाला. नोंद खोटी आहे असं खात्याच्याच माणसाने शिक्क्यानिशी लिहून दिलेलं, ते विधी खात्याला टाळता येईना. कुलूप उघडलं. एकेक करत बायका जिवंत झाल्या. सगळ्या नाही, काही वाट बघताना खरंच गेल्या. सुनंदाला सासऱ्यांचा दाखला मिळाला आणि घरांच्या यादीत घाडींचं नाव लागलं. पेढे घेऊन ती आधी गोदामात गेली, मग आमच्याकडे आली.

मीही एकदा तिथे गेले होते. वह्या पोत्यांत भरून टाकलेल्या, वर कबुतरांची घाण. बाई तोंडाला रुमाल बांधून मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, इथे कशा बसता हो?" त्यांनी रुमाल खाली केला. "बरं आहे गं इथे. इथे मेलेली माणसं मेलेलीच आहेत."

निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. चौकशीमुळे पेन्शनचे कागद अडले होते, ते पुढे सुटले असं ऐकलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच ऑफिसात. आता खिडकी नव्हती. काचेचा नवा हॉल, टोकन देणारं यंत्र, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. माझं टेबल वरच्या मजल्यावर गेलं होतं, जिन्यातून खाली सगळं दिसायचं. तांडेलबाई कडक साडीत उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे. शेजारी मच्छीमार नगरातलीच एक बाई होती, कुंकू नसलेली. तिचा नवरा परळच्या इस्पितळात वारला होता, म्हणून नोंद आमच्याकडे. काउंटरवरच्या मुलीने काचेखालून दाखला सरकवला आणि पुढचा नंबर पुकारला. तांडेलबाई हलल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत वाचला. मागे कुरकुर सुरू झाली. त्यांनी कागद परत सारला.

"आडनाव चुकलंय. बदल."

"आजी, सिस्टीममध्ये असंच येतं. चालतं ते."

"नाही चालत."

"आता काही होणार नाही आजी. पुढच्यांना येऊ द्या."

तांडेलबाईंनी पर्समधून फडकं काढलं, काउंटरच्या समोरची लादी पुसली आणि तिथेच मांडी घालून बसल्या. शेजारणीलाही हाताला धरून खाली बसवलं. सिक्युरिटीवाला पुढे आला आणि म्हातारी बाई बघून थांबला. मुलगी फोन उचलून कोणाला तरी बोलावत होती. मी जिना उतरायला लागले. तोवर रांगेतल्या एका माणसाने, ज्याचं काम होऊन गेलं होतं आणि जो निघालाच होता, खिशातला आपला कागद पुन्हा बाहेर काढला होता, आणि दाराशी उजेडात धरून तो वाचायला लागला होता.